वॉरंट होतं, पण सही कुणाची? अमेरिकी इमिग्रेशन कारवाईतले दोन कागद

अमेरिकेत आयसीईची, म्हणजे गृहसुरक्षा खात्याच्या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेची, धाड पडली की दोन्ही पक्षांचे लोक एकदमच बोलू लागतात. रिपब्लिकन म्हणतात, 'अधिकाऱ्यांकडे वॉरंट होतं.' डेमोक्रॅट म्हणतात, 'वॉरंट नव्हतंच.' टीव्हीवर हे ऐकणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलतोय. बऱ्याचदा तसं नसतं. एक जण प्रशासकीय वॉरंटाबद्दल बोलत असतो, दुसरा न्यायालयीन वॉरंटाबद्दल. दोन्ही कागद वॉरंटच, पण एकाने माणूस धरता येतो आणि दुसऱ्याने घराचं दारही उघडता येतं.

आपल्याकडचा वाचक इथे हमखास फसतो, कारण आपल्या डोक्यात वॉरंट म्हणजे कोर्टाचा शिक्का. पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता काय नि आताची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता काय, अटकेच्या वॉरंटावर न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाची मोहोर लागतेच. अमेरिकेतल्या प्रशासकीय वॉरंटाचा जवळचा नातेवाईक शोधायचा, तर तो आपला तडीपारीचा आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली डीसीपी किंवा प्रांत अधिकारी सही करतो आणि माणसाला जिल्ह्याबाहेर जावं लागतं. न्यायाधीश त्यात कुठे नसतो, आणि कायद्याच्या भाषेत ती गुन्ह्याची शिक्षाही नसते.

आता कागदच पाहू. प्रशासकीय वॉरंट दोन नमुन्यांत येतं. 'आय-२००' हा अटकेचा नमुना. माथ्यावर गृहसुरक्षा खात्याचं नाव. खाली चौकोनांची यादी: या माणसावर हद्दपारीचा खटला चालू आहे, बोटांचे ठसे जुळले, त्याने स्वतःच असं असं सांगितलं वगैरे. लागू असेल त्या चौकोनात खूण करायची. सही 'अधिकृत इमिग्रेशन अधिकाऱ्या'ची. दुसरा नमुना 'आय-२०५', हा हद्दपारीचा अंतिम आदेश झाल्यानंतरचा. त्याच्या दुसऱ्या पानावर माणसाचा फोटो, उजव्या तर्जनीचा ठसा आणि त्याला कोणत्या बंदरातून वा विमानतळावरून, कसं पाठवलं याच्या नोंदीला जागा असते. तोही खात्यातल्याच अधिकाऱ्याच्या सहीचा. म्हणजे ज्या खात्याला माणूस धरायचाय, तेच खातं स्वतःला परवानगी देतं.

न्यायालयीन वॉरंटाच्या माथ्यावर न्यायालयाचं नाव असतं, खाली न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही. त्याआधी अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलेलं असतं की संशयाला अमुक सबळ कारण आहे, आणि ते तपासणारा माणूस त्या खात्याचा नोकर नसतो. झडतीचं वॉरंट असेल तर पत्ता, कशासाठी झडती आणि मुदत लिहिलेली असते. फेडरल, म्हणजे केंद्रीय, नियमांनुसार ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवसांची, आणि खास परवानगी नसेल तर वेळ सकाळी ६ ते रात्री १०.

आणखी एक गोम आहे. 'इमिग्रेशन जज' नावाचे अधिकारी हद्दपारीचे आदेश देतात, आणि नावात जज असल्यामुळे लोकांना वाटतं, झालं, कोर्टाचा हुकूम आला. हे जज न्यायपालिकेचे नाहीतच. ते न्याय खात्याचे, म्हणजे सरकारचेच नोकर. त्या खात्याचा प्रमुख असलेला अ‍ॅटर्नी जनरल त्यांना नेमतो आणि काढूही शकतो. त्यांचा आदेश हद्दपारीपुरता पूर्ण कायदेशीर असतो, पण तो झडतीचं वॉरंट नसतो.

मग सरकारला स्वतःच्याच सहीने माणूस धरू का दिलं? कारण अमेरिकेत हद्दपारी हे दिवाणी प्रकरण मानलं जातं, फौजदारी नव्हे. निवडणुकीच्या भाषणांत 'गुन्हेगार' हा शब्द इतका वापरला जातो की हा मुद्दा पार बुडून गेलाय. चोरून सीमा ओलांडणं हा किरकोळ का होईना, फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. हद्दपार केलेल्याने परत येणं हा त्याहून मोठा गुन्हा. पण व्हिसाची मुदत संपल्यावर नुसतं राहून जाणं हा गुन्हा नाही. त्यासाठी हद्दपारी होते, तुरुंगवासाची शिक्षा नाही. २०१२ च्या अ‍ॅरिझोना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत लिहिलं. दिवाणी असल्याचा तोटाही आहे. फौजदारी आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकार देतं, हद्दपारीच्या खटल्यात ते मिळत नाही. बेकायदा मिळवलेला पुरावा फौजदारी खटल्यात बाद होतो. हद्दपारीच्या सुनावणीत तो सहसा चालतो, असा १९८४ चा निकाल आहे.

या पद्धतीचा सर्वात गाजलेला वापर कुठल्या मजुरावर झाला नाही, एका रशियन हेरावर झाला. १९५७ च्या जूनमध्ये एफबीआयला न्यूयॉर्कच्या लॅथम हॉटेलात रुडॉल्फ आबेल सापडला. तो सोव्हिएत हेर आहे याची खात्री होती, पण हेरगिरीच्या आरोपाखाली अटक करण्याइतका उघड करता येईल असा पुरावा हातात नव्हता. म्हणून त्यांनी इमिग्रेशन खात्याला सोबत घेतलं. सकाळी आधी एफबीआयची माणसं खोलीत शिरली आणि आमच्याशी सहकार्य कर म्हणाली. तो बधला नाही, तेव्हा बाहेर थांबलेले इमिग्रेशनवाले प्रशासकीय वॉरंट घेऊन आत आले. खोलीची झडती झाली आणि त्यात सापडलेल्या वस्तू पुढे हेरगिरीच्या खटल्यात वापरल्या गेल्या. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालवून घेतलं. हद्दपारीसाठी प्रशासकीय अटकेची परंपरा फार जुनी आहे, असं न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिलं. मात्र हे वॉरंटच घटनाबाह्य आहे हा मुद्दा आबेलच्या बाजूने खालच्या न्यायालयात नीट मांडला नव्हता, हेही नोंदवलं. सरकारी वकील आजही या खटल्याचा आधार घेतात. १९६२ मध्ये बर्लिनजवळच्या ग्लिनिके पुलावर आबेलच्या बदल्यात अमेरिकेने आपला वैमानिक गॅरी पॉवर्स सोडवून घेतला, ती कथा बहुतेकांना माहीत असते. त्याला पकडलं कुठल्या कागदावर, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

रस्त्यावर, पार्किंगमध्ये, दुकानाच्या दर्शनी भागात किंवा सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात प्रशासकीय वॉरंटाने अटक होऊ शकते. न्यायाधीशाची सही नाही म्हणजे अटकच बेकायदा, हा डेमोक्रॅट बाजूचा दावा तिथे चूक ठरतो. खरा वाद उंबरठ्यावर सुरू होतो. चौथी घटनादुरुस्ती घराला संरक्षण देते, आणि १९८० च्या पेटन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नेहमीच्या अटकेसाठीही पोलिसांना घरात जायचं तर न्यायाधीशाचं वॉरंट हवं. पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी आली: एकाच्या अटकेचं वॉरंट घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरता येत नाही, तिथे वेगळं झडतीचं वॉरंट लागतं. भावाच्या नावाचा कागद बहिणीच्या घरी चालत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं आयसीईची माणसं दार वाजवायची, कुणी उघडून 'या' म्हणण्याची वाट पाहायची, आणि नाहीच उघडलं तर बाहेर गाडीत बसून राहायची.

ही रेघ पुसण्याचा प्रयत्न अलीकडचा आहे. मे २०२५ मध्ये आयसीईचे प्रभारी संचालक टॉड लायन्स यांनी एक अंतर्गत टिपण काढलं: अंतिम हद्दपारी आदेश असेल, तर 'आय-२०५' च्या जोरावर बळाने घरात शिरता येईल. ते बाहेर फुटलं जानेवारी २०२६ मध्ये. त्याच महिन्यात मिनेसोटातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी, केवळ प्रशासकीय वॉरंट घेऊन दार फोडून केलेली अटक चौथ्या घटनादुरुस्तीचा भंग ठरवली. माझं मत विचाराल तर हे टिपण टिकू नये. पण त्यामागचा युक्तिवाद अगदीच हवेतला नाही, तेवढं मान्य करायला हवं: ज्याचा खटला चालून संपलाय, त्याच्या घरातलं खासगीपण किती शिल्लक उरतं? अडचण अशी की त्या घरात तो एकटा राहत नसतो. बायको ग्रीन कार्डवाली, मुलं जन्माने नागरिक, शेजारच्या खोलीत भाडेकरू. दार सगळ्यांचं फुटतं.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराचं प्रकरण या गोंधळाचा नमुनाच आहे. १८ एप्रिल २०२५ ला आयसीईचे अधिकारी तिथल्या कौंटी (जिल्हा) न्यायालयाच्या व्हरांड्यात एका माणसासाठी थांबले होते. तो मारहाणीच्या खटल्यात तारखेला आला होता. हातात प्रशासकीय वॉरंट. न्यायाधीश हॅना ड्यूगन बाहेर आल्या, त्यांनी न्यायालयीन वॉरंट आहे का विचारलं आणि अधिकाऱ्यांना मुख्य न्यायाधीशांकडे जायला सांगितलं. मग त्या माणसाला आणि त्याच्या वकिलाला ज्यूरीसाठी राखलेल्या दारातून बाहेर काढलं. तो रस्त्यावर पळताना पकडला गेला, आठवड्याभरात न्यायाधीशांनाच अटक झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ज्यूरीने त्यांना अडथळा आणल्याच्या आरोपावर दोषी ठरवलं, दुसऱ्या आरोपातून सोडलं. व्हरांडा सार्वजनिक होता, म्हणजे तिथे तो कागद पुरेसा होता. न्यायाधीशांचा प्रश्न त्या जागेला लागू नव्हता. पण याच माणसाला २०१३ मध्ये एकदा देशाबाहेर काढलेलं होतं. परत येणं हा फौजदारी गुन्हा. तेव्हा आयसीईला न्यायाधीशाकडून खरंखुरं अटक वॉरंट मागता आलं असतं. ते मागितलं नाही, कारण खात्याला स्वतःची सही सोपी पडते.

स्थानिक तुरुंगांचा वाद हा याच वादाचा दुसरा तुकडा. एखादा माणूस चोरी वा मारामारीत पकडला गेला की आयसीई तुरुंगाला 'डिटेनर' पाठवते: याला सोडायच्या वेळी आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. २०१४ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं, ही विनंती आहे, हुकूम नाही. त्यानंतर २०१७ पासून आयसीईने डिटेनरसोबत प्रशासकीय वॉरंट जोडायला सुरुवात केली. न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलनी २०१८ मध्ये आपल्या पोलिसांना, केवळ डिटेनरवर कुणाला धरून ठेवू नका, असा निर्देश दिला. टेक्सासने त्याच्या आदल्या वर्षीच नेमका उलटा कायदा केला. 'न्यायाधीशाचं वॉरंट आणा, मग देतो' ही डेमोक्रॅट शहरांची अट ऐकायला रास्त वाटते, पण तिच्यात एक लबाडी लपलेली आहे. निव्वळ दिवाणी हद्दपारीसाठी अटक वॉरंट द्यायची सोय फेडरल न्यायाधीशांना कायद्याने दिलेलीच नाही. जो कागद मिळूच शकत नाही, तो मागायचा. राज्यांना नकार देण्याचा अधिकार मात्र पक्का आहे. १९९७ च्या निकालानुसार फेडरल सरकार शेरीफला (स्थानिक पोलीस प्रमुखाला) आपल्या कामाला जुंपू शकत नाही.

अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दोन ओळींचा कायदा करून ही सोय निर्माण करता येईल. कुणालाच ते नकोय. रिपब्लिकनांना न्यायाधीशाच्या टेबलाशी रांग लावायची नाही, आणि डेमोक्रॅटांना असा कायदा झाला तर पुढे नकार द्यायला सबब उरणार नाही.

त्याऐवजी भांडण खर्चाच्या विधेयकांवर येतं. जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्याने आयसीईला अनेक वर्षांसाठी मिळून सुमारे ७५ अब्ज डॉलर दिले, त्यातले ४५ अब्ज फक्त कैदखान्यांसाठी. खात्याचं वर्षाचं बजेट आधी १० अब्जांच्या आसपास असायचं. २०२६ च्या सुरुवातीला डेमोक्रॅटांनी गृहसुरक्षा खात्याच्या नियमित निधीला, खासगी जागेत शिरायला न्यायालयीन वॉरंट हवं, ही अट लावली आणि १४ फेब्रुवारीला तो निधी अडकला. आयसीईचं काम त्यामुळे थांबलं नाही. आधीच मिळालेल्या पैशावर ते चालू राहिलं. अडकले ते विमानतळावरच्या तपासणीवाल्यांचे पगार.

अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रिमाँटमधल्या मराठी घरांत हे सगळं 'आपल्याला काय त्याचं' म्हणून ऐकलं जातं, कारण एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं जागच्या जागी. पण नोकरी गेल्यावरच्या ६० दिवसांत दुसरी सोय झाली नाही, की तोच माणूस दिवाणी बाजूच्या यादीत येऊ शकतो, आणि त्याच्यासाठी येणारा कागद 'आय-२००' च असेल. दारावर कुणी आलं तर दार उघडायच्या आधी कागद खिडकीला लावून दाखवायला सांगावं. माथ्यावर न्यायालयाचं नाव आहे का, खाली न्यायाधीशाची सही आहे का, पत्ता आपला आहे का, हे वाचावं. 'पोलीस' एवढंच ऐकून कडी काढू नये. तुम्ही आपणहून आत घेतलंत तर पुढे वॉरंटाचा प्रश्नच उरत नाही. न्यायाधीशाचं झडतीचं वॉरंट असेल तर आडवं येऊ नये. आणि घराबाहेर पडताना आय-९४ (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद) किंवा ग्रीन कार्ड खिशात असावं. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगला पाहिजे असा कायदाच आहे, आणि तो न बाळगणं हा मात्र फौजदारी गुन्हा आहे.