‘शिक्षणावर जीएसटी नसतो’ हे अर्धंच खरं

ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: शिकवणं हे विद्यादान आहे, त्यावर कर कसला? २०१७ साली जीएसटी आला तेव्हापासून हा समज फिरतोय.

सवलत आहे, पण ती शाळेला (बारावीपर्यंत) आणि कायद्याने मान्य पदवी-पदविकेच्या अभ्यासक्रमाला. तुमचा एक्सेल, गिटार किंवा शेअर बाजाराचा कोर्स त्यात बसत नाही. स्वतः छापलेल्या प्रमाणपत्राने तर नाहीच. त्यावर १८ टक्के.

मात्र लगेच घाबरूनही जाऊ नका. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, म्हणजे हा करही नाही. ग्राहक इंदूरचा असला तरीही; ‘परराज्यात एक विक्री झाली की नोंदणी सक्तीची’ हा आणखी एक गैरसमज. फक्त उलाढाल एका पॅनवरची सगळी मोजतात, दुकानाचं मिळणारं भाडंसुद्धा.

खरी गोची दरमहा वर्गणीत होते. ९९९ रुपये ‘करासहित’ ठरवले, की नोंदणीनंतर त्यातले सुमारे १५२ रुपये सरकारचे. जुन्या सभासदांना दर वाढवून सांगणं किती अवघड, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.