एकसारखा जबडा, वेगळी अंडी

ब्राझीलच्या ईशान्य भागातील खडकांत सापडलेल्या एका प्राण्याचा लांबट, निमुळता जबडा पाहिला, तर तो सुसरीचाच असावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र तो प्रायोनोसुकस या नामशेष उभयचराचा आहे. जीवाश्मतज्ज्ञ ल्वेलिन आयव्हर प्राइस यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. डायनासोर अवतरण्याच्या कितीतरी आधी, पर्मियन काळात, तो तेथील पाण्यात वावरत होता. एका मोठ्या तुकड्यावरून त्याची लांबी ९ मीटरपर्यंत असल्याचा अंदाज मांडला गेला आहे, परंतु बहुतेक नमुने बरेच लहान असल्यामुळे हा आकडा जपूनच वापरलेला बरा.

सुसरीशी, म्हणजे घडियालशी, त्याचे जवळचे नाते नाही. रुंद जबडा पाण्यात आडवा फिरवताना पाण्याचा मोठा विरोध होतो. अरुंद जबडा मात्र सपकन फिरतो आणि निसटत्या माशाला अणकुचीदार दातांत पकडतो. सुसरीला असे शंभराहून अधिक दात असतात. एकाच गरजेतून दोन दूरच्या कुळांत सारखी रचना घडण्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

खरा फरक तोंड उघडल्यावर कळतो. प्रायोनोसुकसच्या टाळूवरही सुळे होते. सुसरीच्या टाळूवर सुळे नसतात. उलट तिच्या नाकपुड्यांपासून निघणारी हवेची वाट टाळूच्या वरून थेट घशापर्यंत जाते, त्यामुळे तोंडात पाणी असतानाही तिला श्वास घेता येतो.

त्याहून महत्त्वाचा फरक अंड्यांचा आहे, आणि सुसरीचे आजचे संकट तेथेच येऊन भिडते. उभयचरांच्या अंड्यांना कवच नसते, म्हणून ती ओलाव्याशी बांधलेली असतात. सुसरीच्या अंड्याला कवच असते आणि ते पाण्यात बुडाले तर आतले पिल्लू गुदमरते. त्यामुळे आयुष्यभर नदीत राहणाऱ्या या प्राण्याला मार्च-एप्रिलमध्ये नदीकाठची उंच, कोरडी वाळूच लागते. वाळूचा बेसुमार उपसा, धरणांमुळे बदललेले प्रवाह आणि मासेमारीची जाळी यांनी प्रौढ सुसरींची संख्या हजाराच्याही खाली आणली आहे. भारतात १९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला, तरी आज त्यांचा सर्वांत मोठा आधार चंबळ नदीच आहे. तेथे पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांच्या आतूनच पिल्लांचे आवाज येऊ लागतात आणि ते ऐकून मादी वाळू उकरू लागते.