ब्रूम ते फिट्झरॉय क्रॉसिंग: सहा दिवसांच्या सहकुटुंब गाडीप्रवासाआधी वाचण्यासाठी

आमच्याकडे चौकशी करणाऱ्या दहा कुटुंबांपैकी सात जण नकाशावर बोट ठेवून विचारतात, 'एवढ्या दिवसांत हेही होईल ना?' पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, किम्बर्ली भागात, बहुधा होत नाही. पर्थहून ब्रूमला रस्त्याने जायचे तर 2,200 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आहे. म्हणून आम्ही पर्थ-ब्रूम विमानाने आणतो, गाडी ब्रूममध्ये देतो आणि सहा दिवसांत मोजकीच ठिकाणे करतो. यादी छोटी आहे ती मुद्दाम.

दुसरा प्रश्न बहुतेक आजी-आजोबांचा असतो: लेणी किती? लेणी नाहीत. अजिंठा-वेरूळ माणसाने बेसॉल्टमध्ये कोरले. इथल्या गुहा चुनखडीच्या आहेत आणि त्या पाण्याने पोखरल्या आहेत. सुमारे 35 ते 37 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या जिवांनी रचलेली शैलभित्ती आज कोरड्या माळावर करड्या डोंगरकड्यासारखी उभी आहे. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या मानाने अगदी पोरगेला.

कधी यावे

मे ते ऑगस्ट. महाराष्ट्रातली मेची सुट्टी इथल्या कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला येते, त्यामुळे भारतातून येणाऱ्यांची छान सोय होते. दिवसा ऊन असते, पण आत मुलखात पहाटे स्वेटर लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र आम्ही ही सहल देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तेव्हा पारा चाळिशीपार जातो आणि पावसाळा तोंडावर असतो. पावसाळ्यात कच्चे रस्ते बंद होतात. जानेवारी 2023 च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंगचा महामार्गावरचा पूलच गेला होता. नवा पूल त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरू झाला.

वाट

पहिला दिवस ब्रूममध्येच, सामान भरण्यात आणि समुद्रावर. दुसऱ्या दिवशी 220 किलोमीटरवर डर्बी. इथे भरती-ओहोटीतला फरक 11 मीटरपर्यंत जातो, त्यामुळे धक्क्यावर ओहोटीला एकदा आणि भरतीला एकदा जा. वाटेत फुगलेल्या बुंध्याची बोआब झाडे दिसू लागतील. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली तर बरोबर आहे: मुंबई-वसईकडची गोरखचिंच याच झाडाची आफ्रिकन बहीण. डर्बीजवळच्या एका जुन्या बोआबच्या पोकळीत कैदी कोंडत, असे पर्यटकांना सांगितले जाते. इतिहासाचे अभ्यासक त्याला पुरावा नाही म्हणतात. मूळनिवासी माणसांना गळ्यात साखळ्या घालून या वाटेने चालवत आणले जाई, हे मात्र खरे. झाडाभोवती कुंपण आहे, ते ओलांडू नका.

तिसऱ्या दिवशी गिब रिव्हर रोडने विंजाना गॉर्ज, डर्बीपासून साधारण 145 किलोमीटर. सुरुवातीला डांबर, मग माती. साडेतीन किलोमीटर लांबीची ही घळ लेनर्ड नदीने त्या शैलभित्तीतून कापली आहे. कोरड्या दिवसांत नदीची डबकी उरतात आणि काठावर गोड्या पाण्यातल्या मगरी ऊन खात पडलेल्या असतात. एका नजरेत पंधरा-वीस दिसल्या तर नवल नाही. निमुळत्या तोंडाची ही मगर माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण डिवचली किंवा वाट अडवली, तर चावते. मुलांना हाताशी धरा, मगर आणि पाणी यांच्या मधे कुणी उभे राहू नका, आणि फोटोसाठी जवळ जायचे नाही म्हणजे नाही. खाऱ्या पाण्यातली मगर ही वेगळीच बाब. ती माणसावर हल्ला करते, आणि समुद्रकाठच्या खाड्यांतच नव्हे तर नदीतही खूप आत येते. जिथे पाटी आहे तिथे पाण्यात पाऊलही नको. पाटी नसेल तर आधी आम्हाला विचारा.

विंजानाहून पस्तीसेक किलोमीटरवर टनेल क्रीक, इथल्या मूळनिवासी बुनुबा लोकांच्या भाषेत डिमालुरू. या सहलीत मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहणारी जागा हीच, असा आमचा अनुभव. डोंगराच्या पोटातून ओढा आरपार जातो आणि आपण त्यातून 750 मीटर चालत पलीकडे निघतो, मग त्याच वाटेने परत. आत दिवे नाहीत, प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी हवी. पाणी गार, कधी घोट्याइतके, कधी मांडीपर्यंत. भिजलेले चालतील असे बूट घाला, चपला नकोत. मधे छत कोसळलेले आहे, तिथे वरून उजेड येतो आणि वटवाघळे लोंबताना दिसतात. त्यांच्यावर झोत मारू नका. तोंडाशी मोठे धोंडे हाताने धरून उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी हा मोह टाळावा, त्यांच्यासाठी पुढची बोट आहे.

इथे जाताना एक नाव माहीत असावे: जंडामारा. हा बुनुबा तरुण आधी पोलिसांसाठी माग काढत असे, मग 1894 पासून त्याने गोऱ्या वसाहतवाल्यांविरुद्ध शस्त्र उचलले. 1897 साली तो इथेच मारला गेला. बुनुबांसाठी ही जागा सहलीची नाही, त्यामुळे आत आरडाओरडा, भिंतींवर नावे कोरणे वगैरे आपल्या गडांवरचे प्रकार नकोत.

चौथ्या-पाचव्या दिवशी फिट्झरॉय क्रॉसिंग आणि जवळची गीकी गॉर्ज. इथे आजी-आजोबांसकट सगळे बोटीत बसतात. कड्यांचा खालचा भाग पांढराशुभ्र, वरचा तांबूस. पुराचे पाणी जिथवर चढते तिथवर खडक धुऊन निघतो. इथल्या फिट्झरॉय नदीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, करवतीसारख्या सोंडेचा मासा राहतो. दिसेलच असे नाही. सहाव्या दिवशी महामार्गाने सुमारे 400 किलोमीटर ब्रूमला परत.

गाडी चालवताना

इथेही डावीकडूनच चालवतात, आणि आपला इंग्रजी मजकुराचा परवाना पर्यटकाला चालतो. अडचण वेगळीच असते. कच्च्या रस्त्यावर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा पडतात आणि गाडी हाडे खिळखिळी करते. त्यावर वेग कमी आणि टायरची हवा थोडी कमी, ती किती हे गाडी देताना दाखवतो. तीन-चार डबे जोडलेले रोड ट्रेन नावाचे ट्रक 53 मीटरपर्यंत लांब असतात. समोरून आला तर कडेला घेऊन धूळ बसू द्या. आणि सूर्य मावळण्याआधी मुक्कामाला पोहोचा. संध्याकाळी वॉलबी, कांगारू आणि कुंपण नसलेल्या माळांवरची गुरे रस्त्यावर येतात. अंधारात गाडी चालवल्यास आमच्या विम्यात नुकसान भरून मिळत नाही.

मोबाइलला गावाबाहेर रेंज नसते, म्हणून उपग्रह फोन गाडीत ठेवतो. तातडीचा क्रमांक 000. पाणी माणशी रोज पाच लिटर, याहून कमी घेऊन कुणाला निघू देत नाही. पेट्रोलपंप दिसला की टाकी भरा, अर्धी असली तरी.

भारतातून येणाऱ्यांनी चिवडा-लाडू आणले तर विमानतळावरच्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत असे नक्की लिहा. लपवल्यास दंड होतो. आंब्याची पेटी मात्र आणू नका. मेमध्ये जीव तुटतो हे आम्हालाही कळते, पण ती तिथेच कचऱ्यात जाते.

डाळ-तांदूळ, कुकर, शेगडी गाडीत असते. मसाला कोणता हवा ते निघण्याच्या आठवडाभर आधी कळवा, ब्रूममध्ये गोडा मसाला मिळत नाही.