अपंगत्वाचे चित्रण (चित्रपट, नाटक व साहित्य)

अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे कथा-कादंबऱ्यांत, रंगमंचावर आणि पडद्यावर कशी उभी केली जातात, त्याला अपंगत्वाचे चित्रण म्हणतात. या नोंदीत मुख्यतः मुंबईत तयार होणारे मराठी-हिंदी चित्रपट आणि मराठी नाटक-साहित्य विचारात घेतले आहे. चित्रण खरे वाटते की खोटे, हे बहुधा मोठ्या संवादांच्या आधीच ठरून जाते. पात्र जिना कसे उतरते, काठी कशी धरते, स्टेशन कसे गाठते, तेवढ्यात जाणकाराला कळायचे ते कळते.

जुने साचे

मराठी भाषेतच साचे तयार आहेत. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ अशा म्हणींत व्यंग म्हणजे उणेपणा. मंथरेचे कुबड तिच्या कपटाची खूण ठरते, तर धृतराष्ट्राचे अंधत्व पुत्रमोहाची. ‘मूकं करोति वाचालं’ (मुक्याला बोलते करतो) या श्लोकातला चमत्कार हिंदी चित्रपटाने शेवटच्या रिळात नेला: पट्टी सुटते, डोळे किलकिले होतात आणि समोर आई दिसते. मोतीबिंदूच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे, कारण पट्टी काढल्यावर नजर लवकर सुधारते. दृष्टिपटल किंवा दृष्टिचेता निकामी झाली असेल तर मात्र अशी शस्त्रक्रिया नाही. जन्मांधाला पुढे दृष्टी मिळालीच, तरी समोरचा आकार म्हणजे आईचा चेहरा हे ओळखायला मेंदूला शिकावे लागते.

‘दोस्ती’ (1964) या चित्रपटात मुंबईच्या फुटपाथवर एक अंध आणि एक कुबड्या घेतलेला मुलगा एकमेकांना धरून राहतात. गाणी अजून ओठांवर आहेत, पण दयेचा साचाही तिथेच पक्का झाला. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’ने (1980) तो मोडला. त्यातल्या अंध मुख्याध्यापकाला ‘बेचारा’ हा शब्दच खपत नाही. दिल्लीच्या अंधशाळेत तिथल्याच विद्यार्थ्यांना घेऊन चित्रीकरण झाल्याने मुलांच्या हालचाली शिकवलेल्या वाटत नाहीत.

अंध पात्र: काठी, कोपर, गॉगल

सर्वांत जास्त चुका पांढऱ्या काठीत होतात. ही काठी आधाराची नव्हे, चाचपण्याची. उभी धरल्यावर ती साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. मूठ पोटासमोर, बेंबीच्या रेषेत राहते आणि टोक खांद्यांच्या रुंदीहून थोड्या मोठ्या कमानीत डावी-उजवीकडे टेकते. नियम असा की उजवे पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे टेकते आणि डावे पाऊल पडताना उजवीकडे, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. नट बहुधा पाऊल आणि टोक एकाच बाजूला नेतात, किंवा आजोबांच्या काठीसारखा भार टाकून चालतात. ही लय हातात बसायला चलनवलन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर कित्येक दिवस सराव लागतो. मेकअपच्या खुर्चीत ती येत नाही.

दुसरी चूक सोबतीची. पडद्यावर मदतनीस अंध माणसाचा दंड पकडून त्याला पुढे ढकलतो, नाहीतर काठीचे टोक धरून ओढत नेतो. खरी पद्धत याच्या उलट आहे: अंध व्यक्ती सोबत्याचे कोपर किंचित वरून धरते आणि अर्धे पाऊल मागे चालते. सोबती पायरीशी थबकला की ते हाताला आपोआप कळते.

काळा गॉगल आणि एका बिंदूवर खिळलेली नजर ही नटांची सोय आहे. 2016च्या अपंग हक्क कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 3/60 पेक्षा कमी असली तरी अंधत्व धरले जाते. म्हणजे इतरांना 60 मीटरवरून जे दिसते ते 3 मीटरवरूनही नीट दिसत नाही, पण उजेड, सावली, हलणारा रंग समजू शकतो. पूर्ण काळोख हा अनेकांपैकी एक प्रकार. आणि प्रेयसीचा चेहरा बोटांनी ‘वाचणे’ हा प्रकार पडद्याबाहेर क्वचितच आढळतो. माणूस ओळखायला आवाज पुरतो.

कर्णबधिर पात्र आणि कॅमेरा

इथे दोष बहुधा नटापेक्षा कॅमेऱ्याचा असतो. सांकेतिक भाषेत हात, भुवया, ओठ आणि खांदे मिळून वाक्य होते. भावनेचा क्षण आला की दिग्दर्शक चेहऱ्याच्या क्लोजअपवर जातो आणि हात चौकटीबाहेर राहतात. कर्णबधिर प्रेक्षकासाठी संवाद तिथेच तुटतो. कमरेपासून डोक्याच्या थोडे वरपर्यंतची चौकट, खूण पूर्ण होईपर्यंत कट नाही, पाठीमागून प्रखर उजेड नाही, एवढे सांभाळले तरी पुष्कळ साधते. संपादकाला ही भाषा येत नसेल तर जाणकार संपादनाच्या टेबलाशीही लागतो, नाहीतर खूण मधोमध कापली जाते.

ओठ वाचून सगळे समजणारे पात्र ही लेखकाची पळवाट. प, ब, म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात, त्यामुळे ‘पान’ आणि ‘मान’ यांतला फरक संदर्भावरूनच लावावा लागतो. गुलजार यांच्या ‘कोशिश’मध्ये (1972) कर्णबधिर जोडप्याचा संसार दोघांच्या हातवाऱ्यांवर उभा राहतो, आणि त्यांच्यात दुभाष्या घुसवलेला नाही, हे त्याचे बळ. ‘मूकबधिर’ हा शब्दही आता टाळला जातो, कारण बहुसंख्य कर्णबधिरांची स्वरयंत्रे धड असतात. ऐकू न आल्याने बोलणे शिकणे अवघड जाते, इतकेच.

कायम लहान राहिलेले मूल

बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढाला निरागस बाळ करून टाकणे हा मराठीतला लाडका साचा. ‘चौकट राजा’मध्ये (1991) झाडावरून पडून मेंदूला इजा झालेला नंदू दिलीप प्रभावळकरांनी तोल सांभाळून उभा केला, तरी कथा त्याला लहान मूलच ठेवते. जयवंत दळवींनी या साच्याला हात घातला. त्यांचे ‘नातीगोती’ हे नाटक आणि ‘ऋणानुबंध’ कादंबरीवरचा प्रसाद ओक यांचा ‘कच्चा लिंबू’ (2017) यांत मुलाचे शरीर वयात येते आणि आईबापांना ते झेपत नाही. लहान जागा, नोकरी, रात्रीची जाग, शेजाऱ्यांची नजर हे सगळे तिथे कथानकाचा भाग आहे. ‘येलो’त (2014) डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. ‘श्वास’ (2004) वेगळ्या कारणाने महत्त्वाचा: डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार हे मुलाला आधी सांगायचे की नाही, हा त्यातला खरा पेच आहे.

पुस्तकांत आत्मकथनांनी अधिक काम केले. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’त दया मागणारा सूर नाही, परावलंबन, शिक्षण, नोकरी, संस्था असा हिशेब आहे.

मुंबईचा भूगोल

मुंबईत घडणाऱ्या कथांत अपंग पात्र जागेवर नुसते अवतरते. ते तिथवर कसे आले ते कुणी दाखवत नाही. लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतो, त्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रियाही चढतात. फलाटावर त्याची जागा शोधणे, दारातल्या धडधाकटांशी हुज्जत घालणे, फलाट आणि डबा यांतली फट ओलांडणे, यात रोज एक अख्खा प्रसंग असतो. चाळीचा लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाचा सामाईक संडास आणि त्याचा उंबरठा हेही तसेच. रॅम्पचा उतार 1:12 असावा लागतो: 15 सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी 1.8 मीटर लांब उतार. सेटवर फळी टाकून केलेल्या खड्या उतारावर नट खुर्ची सफाईने चढवतो, ते मागून ढकलणारा माणूस चौकटीत दिसत नाही म्हणून. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या बुटांचे तळवे झिजत नाहीत आणि तळहातांना घट्टे पडतात. वेशभूषेत नेमके हेच उलटे दिसते.

अपंग कलावंतांना भूमिका का मिळत नाहीत, याचे उत्तर अनेकदा सेटवरच मिळते: व्हॅनिटी व्हॅनच्या अरुंद, खड्या पायऱ्या, बारा तासांची शिफ्ट, खुर्ची आत न जाणारे स्वच्छतागृह.

कायदा

सेन्सॉरच्या 1991च्या मार्गदर्शक तत्त्वांत अपंगांची टवाळी करणाऱ्या दृश्यांबाबत सूचना होती. तरी तोतरा, चकणा, बहिरा ही विनोदाची हुकमी पात्रे चालूच राहिली. 1995च्या कायद्यातील अपंगत्वाच्या 7 प्रकारांच्या जागी 2016च्या कायद्यात 21 प्रकार आले, आणि चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करण्यास 6 महिने ते 5 वर्षे कैदेची तरतूद झाली. ‘आंख मिचोली’ चित्रपटावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद आणि अपंगांना कमी लेखणारा विनोद यांत फरक केला. पटकथेत दाखवलेली वैद्यकीय स्थिती तपासून घ्यावी आणि निर्मितीत अपंग व्यक्तींना सहभागी करावे, असेही सांगितले. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांत रूढ झाला असला तरी अनेक अपंग कार्यकर्त्यांना तो पटत नाही.

प्रेक्षक म्हणून

अंध पात्राचा चित्रपट अंध प्रेक्षकाला समजत नाही, ही विसंगती फार काळ कुणाला खटकली नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने 15 मार्च 2024 रोजी चित्रपटगृहांसाठी ध्वनिवर्णन (पडद्यावर दिसते ते आवाजात सांगणे) आणि मथळे (संवाद व आवाज पडद्यावर लिहून दाखवणे) यांची मानके जारी केली. ध्वनिवर्णन संवादांमधल्या मोकळ्या जागेत बसवतात. त्यात अर्थ लावायचा नसतो, दिसते ते सांगायचे असते: ‘तो चिडला’ ऐवजी ‘तो पेला आदळतो’. गाण्यावर किंवा संवादावर चढलेले वर्णन वाया जाते, म्हणून संहिता लिहिताना प्रत्येक फट सेकंदांत मोजतात. मथळ्यांत चौकटीबाहेरून बोलणाऱ्याचे नाव राहून जाते आणि आवाजांची नोंद ‘संगीत’ एवढ्यावर भागवली जाते. त्या जागी ‘दूरवर सनई’ लिहिले, तर लग्नघर जवळ आल्याचे कर्णबधिर प्रेक्षकालाही इतरांबरोबरच कळते.