लुइझियाना हेराइड

लुइझियाना हेराइड : अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या श्रीव्हपोर्ट शहरातून दर शनिवारी रात्री प्रेक्षकांसमोर सादर होणारा व त्याच वेळी प्रसारित होणारा कंट्री संगीताचा (अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून घडलेल्या लोकप्रिय संगीताचा) रेडिओ कार्यक्रम. पहिला प्रयोग ३ एप्रिल १९४८ रोजी झाला. दर आठवड्याचा नेम १९६० पर्यंत टिकला. केडब्ल्यूकेएच हे ५०,००० वॉट शक्तीचे केंद्र तो चालवी. केंद्राच्या नावातली शेवटची तीन अक्षरे डब्ल्यू. के. हेंडरसन या आधीच्या मालकाची आद्याक्षरे होत. कार्यक्रम होई तो म्युनिसिपल मेमोरियल ऑडिटोरियममध्ये. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली ही इमारत १९२९ सालची आहे. हेराइड म्हणजे वाळलेले गवत भरलेल्या गाडीत बसून मारलेला फेरफटका.

या प्रकारचे रेडिओ कार्यक्रम ‘बार्न डान्स’ (कोठारातला नाच) म्हणून ओळखले जात. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राने १९२४ मध्ये व नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्राने १९२५ मध्ये ते सुरू केले. नॅशव्हिलचा कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ झाला. ऑप्रीवर नाव झालेल्या कलावंतांना मान असे. हेराइडने नवख्यांना उभे केले. तेथून पुढे गेलेल्यांत किटी वेल्स, वेब पिअर्स, जिम रीव्ह्ज, फॅरन यंग आणि एल्व्हिस प्रेस्ली (पहिला प्रयोग १६ ऑक्टोबर १९५४) येतात. ‘ताऱ्यांचा पाळणा’ हे बिरुद त्यातून आले. मात्र या कार्यक्रमाची कीर्ती ज्या एका घटनेवर उभी राहिली, ती म्हणजे हँक विल्यम्स या पंचविशीतल्या गायक-गीतकाराचा ऑगस्ट १९४८ ते जून १९४९ या दहा महिन्यांतला उदय.

विल्यम्सची पूर्वतयारी : जन्म १७ सप्टेंबर १९२३, अलाबामातील माउंट ऑलिव्ह येथे. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष होता. वडील १९३० पासून माजी सैनिकांच्या रुग्णालयात. आई लिली खानावळवजा वसतिगृहे चालवून घर चालवी. गिटारचे धडे रूफस पेन ऊर्फ ‘टी-टॉट’ या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय वादकाकडून मिळाले. आपले संगीतशिक्षण त्याच्याकडेच झाले, असे विल्यम्सने स्वतः पुढे सांगितले. १९३७ च्या सुमारास कुटुंब माँटगोमेरीला आले आणि तेथील डब्ल्यूएसएफए केंद्रावर तो गाऊ लागला. ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ हा त्याचा वाद्यवृंद याच काळातला. युद्धकाळात काही दिवस त्याने मोबील येथील जहाजबांधणीच्या गोदीत काम केले.

सप्टेंबर १९४६ मध्ये तो पत्नी ऑड्रीसह नॅशव्हिलला प्रकाशक फ्रेड रोझ याच्याकडे गेला. रोझने रॉय अकफ या गायकाबरोबर १९४२ मध्ये ‘अकफ-रोझ’ ही प्रकाशनसंस्था काढली होती. रोझ पितापुत्र टेबल टेनिस खेळत असताना हे जोडपे अचानक येऊन उभे राहिले, ही कथा प्रसिद्ध आहे. रोझने ‘बसल्या जागी एक गाणे रचून दाखव’ अशी परीक्षा घेतल्याचीही एक कथा आहे. दोन्ही कथा घटनेनंतर बऱ्याच काळाने रंगवून सांगितल्या गेल्या. त्या जपून घ्याव्यात. निश्चित आहे ते इतकेच की डिसेंबर १९४६ मध्ये ‘स्टर्लिंग’ या छोट्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण झाले, १९४७ मध्ये एमजीएम या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला, आणि त्या करारातले पहिले गाणे ‘मूव्ह इट ऑन ओव्हर’ हे ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले.

श्रीव्हपोर्टमधील प्रवेश : विल्यम्स हेराइडवर प्रथम ७ ऑगस्ट १९४८ रोजी गायला. कार्यक्रमाचे निर्माते होरेस लोगन यांच्या सांगण्यानुसार, दारूच्या व्यसनामुळे त्याला आधी सहा महिने कोरडे राहून दाखवण्याची अट घातली होती. पण कार्यक्रमच एप्रिलमध्ये सुरू झाला, म्हणजे मधे जेमतेम चार महिने होते. बोलणी कार्यक्रमाच्या आधीपासून चालू होती असे धरले तरच हा हिशेब जुळतो. अट होती हे बहुतेक खरे. ‘सहा’ हा आकडा मात्र आठवणीत फुगलेला दिसतो.

शनिवारी रंगमंचावर हजर राहणे कलावंताला बंधनकारक असे. तिथला मोबदला किरकोळ होता. खरी कमाई आठवडाभरात गावोगावच्या शाळांत व सभागृहांत होणाऱ्या जलशांची. त्यांच्या तारखा रेडिओवरूनच जाहीर होत. म्हणून ५०,००० वॉटचा आकडा महत्त्वाचा. रात्री या केंद्राचा आवाज लगतच्या अनेक राज्यांत पोचे आणि तिकिटे त्याच पट्ट्यात खपत. विल्यम्सला याशिवाय भल्या सकाळचा एक कार्यक्रम मिळाला, तो ‘जॉनी फेअर’ या पाकाच्या (सिरपच्या) कंपनीने पुरस्कृत केलेला. त्यात तो एकटा, गिटार घेऊन, मधूनमधून पाकाची जाहिरात करत गाई. न्याहारीच्या वेळी घराघरात शिरणारा हा आवाज शनिवारच्या टाळ्यांइतकाच त्याच्या कामी आला असावा.

‘लव्हसिक ब्लूज’चा प्रश्न : गीतकार म्हणून अजरामर झालेला हा माणूस वर आला तो ‘लव्हसिक ब्लूज’ या दुसऱ्याच्या गाण्यावर. त्या गाण्याचा उगम त्यामुळे वारंवार चर्चिला गेला आहे. ते मूळचे न्यूयॉर्कच्या रंगभूमीकडचे : संगीत क्लिफ फ्रेंड, शब्द अर्व्हिंग मिल्स, १९२२. त्याच वर्षी एल्सी क्लार्कने ते ध्वनिमुद्रित केले. चेहऱ्याला काळा रंग फासून ‘मिन्स्ट्रल’ खेळांत गाणाऱ्या एमेट मिलरने ते १९२५ मध्ये व पुन्हा १९२८ मध्ये गायले. कंट्री गायक रेक्स ग्रिफिनचे ध्वनिमुद्रण १९३९ सालचे.

विल्यम्सने ते मिलरकडून घेतले की ग्रिफिनकडून? मिलरच्या बाजूने आवाजाची मोड दाखवली जाते. छातीतून निघालेला स्वर मध्येच फुटून वरच्या पातळ आवाजात उडी घेतो आणि परत खाली येतो. मराठी रसिकांना ही यॉडलिंगची जात किशोरकुमारच्या गाण्यांमुळे परकी नाही. परंतु गाण्याची बांधणी वेगळे सांगते. मूळ गाण्यात आधी प्रास्ताविक कडवे आणि मग ध्रुवपद येते. ग्रिफिनने ध्रुवपदालाच मुख्य अंग केले व जुने कडवे मध्यभागी जोडाला वापरले. विल्यम्सची मांडणी नेमकी हीच आहे. म्हणून थेट उगम ग्रिफिन, आणि मिलरचा वळसा त्याच्यामार्फत उतरलेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ती मोड आल्प्सकडून आली, कृष्णवर्णीय गायकांच्या कूजनातून की रंगमंचीय विनोदातून, हा वाद कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या ‘ब्लू यॉडल’पर्यंत (ध्वनिमुद्रण १९२७) मागे जातो. मिलरचे पहिले ध्वनिमुद्रण त्याआधीचे असल्याने रंगमंचाचा वाटा नाकारता येत नाही.

हे गाणे आधी रेडिओवर गाजले आणि मग तबकडीवर आले, यामागे एक व्यावहारिक कारण आहे. वादकांच्या संघटनेने जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. तो १४ डिसेंबरला उठला. तोवर श्रीव्हपोर्टच्या प्रेक्षकांनी हे गाणे डोक्यावर घेतले होते. बहिष्कार उठल्यावर आठ दिवसांतच, २२ डिसेंबरला, सिनसिनाटीच्या हर्झॉग स्टुडिओत ते मुद्रित झाले. रोझला ते पसंत नव्हते : स्वर ठरल्यापेक्षा लांब धरल्याने मात्रांचे गणित मोडते, हा त्याचा आक्षेप. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच होता. श्रोत्यांना मात्र तो लांबलेला, मग अचानक फुटणारा स्वरच हवा होता. हेराइडच्या प्रतिसादाचा दाखला हाती असल्यामुळे विल्यम्स हटला नाही.

तबकडी फेब्रुवारी १९४९ मध्ये निघाली आणि मे महिन्यात यादीच्या शिखरावर पोचली. त्या स्थानी ती एकूण १६ आठवडे होती. त्याच वर्षी जूनमध्ये बिलबोर्डने आपल्या यादीसाठी ‘लोकसंगीत’ या जुन्या नावासोबत ‘कंट्री अँड वेस्टर्न’ ही संज्ञा आणली. ११ जून १९४९ रोजी विल्यम्स नॅशव्हिलच्या राइमन सभागृहात ऑप्रीवर गायला. त्या रात्री प्रेक्षकांनी त्याच्याकडून सहा वेळा गाणे परत म्हणवून घेतले, असे सर्वत्र लिहिले जाते. रेडिओवर मिनिटामिनिटाचा हिशेब असे. सहा हा आकडा शब्दशः घेण्याऐवजी प्रचंड प्रतिसादाचा निर्देशक मानणे बरे.

उत्तरकाल : ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकले व तो हेराइडवर परतला. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, कार्यक्रमाच्या गावी मोटारीने जात असताना त्याचा मृत्यू झाला. हेराइडला स्वतःला कलावंतांची नॅशव्हिलकडे होणारी गळती थांबवता आली नाही. प्रकाशनसंस्था, ध्वनिमुद्रणाचे कारखाने आणि दौरे आखणारे दलाल नॅशव्हिलला होते. श्रीव्हपोर्टपाशी फक्त मंच व प्रक्षेपणाचा मनोरा होता. नाव झाले की कलावंत निघून जाई. ऑडिटोरियम अजून उभे असून २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. विल्यम्सच्या सकाळच्या पाकाच्या कार्यक्रमांपैकी काही तबकड्यांवर उतरवून ठेवलेले होते; ते उपलब्ध असून, वाद्यवृंदाशिवायचा त्याचा आवाज श्रीव्हपोर्टच्या त्या दिवसांत कसा होता हे त्यांवरून कळते.