टर्मवर्कमधला विकिपीडिया: व्हँकुव्हर, पुणे, कैरो

विद्यार्थ्यांना विकिपीडियावर लेख लिहायला लावायचं आणि त्याचे गुण द्यायचे, ही कल्पना वीस वर्षांहून जुनी आहे. तिच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं अपयश पुण्यात घडलं. एरवी पुण्याला जुन्या गोष्टी तारीखवार आठवतात, पण हे प्रकरण शहरात फारसं कुणी काढत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणाच्या श्रेयांकांत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे रकाने आले आहेत. ते कशाने भरायचे, असा प्रश्न पडला की विकिपीडियाचं नाव निघणारच. म्हणून ही मागची हकिकत.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. त्याच सुमारास हाँगकाँग विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे अँड्र्यू लि यांनी आपल्या वर्गात विकिपीडिया वापरायला सुरुवात केली होती. अशी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुतेक प्राध्यापकांना विकिपीडिया म्हणजे उचलेगिरीचं कोठार वाटे. २००५ च्या डिसेंबरात ‘नेचर’ने विज्ञानावरच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकावाले चिडले, वाद झाला, पण ‘कुणीही लिहितं म्हणजे सगळा कचराच असणार’ हे म्हणणं त्यानंतर जरा जड जाऊ लागलं.

तरी विद्यापीठांचा हात आखडलेलाच होता. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी कॉलेजात जपानच्या इतिहासाच्या परीक्षेत पाच-सहा मुलांनी एकच चूक लिहिली. सतराव्या शतकातल्या शिमाबाराच्या बंडाला जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी पाठबळ दिलं, असं त्यांचं उत्तर होतं. वास्तविक तेव्हा जेझुइटांची जपानात तशी काही ताकदच उरलेली नव्हती. मुलांनी हे विकिपीडियावरून उचललं होतं. २००७ च्या सुरुवातीला तिथल्या इतिहास विभागाने ठराव केला, की निबंधात आणि उत्तरपत्रिकेत विकिपीडियाचा हवाला चालणार नाही. ही बातमी जगभर फिरली.

त्याच काळात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बॉथेल आवारात मार्था ग्रूम नावाच्या पर्यावरण-शास्त्रज्ञ बाईंनी नेमका उलटा प्रयोग केला. २००६ च्या सत्रात त्यांनी विद्यार्थ्यांना नेहमीचा टर्म पेपर सोडून विकिपीडियावर लेख लिहायला सांगितलं. टर्म पेपर कोण वाचतं, तर एकच माणूस, आणि तोही पगार मिळतो म्हणून! लेख जगासमोर जाणार म्हटल्यावर मुलं झटून लिहितील, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बराचसा बरोबर ठरला. पण काही नवे लेख साइटवरच्या लोकांनी तडकाफडकी काढूनही टाकले. पुढे वारंवार दिसणारी गोष्ट इथे पहिल्यांदा ठळक झाली: या असाइनमेंटला बाईंखेरीज दुसराही परीक्षक असतो. तो अनोळखी असतो, बिनपगारी असतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हा दुसरा परीक्षक आपल्या बाजूला कसा घ्यायचा, ते व्हँकुव्हरमध्ये दिसलं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लॅटिन अमेरिकन साहित्य शिकवणारे जॉन बीस्ली-मरी यांनी २००८ च्या जानेवारीत वर्गाला सांगितलं, की तुमचा लेख विकिपीडियाच्या ‘चांगला लेख’ या दर्जाला पोहोचला तर ए, आणि ‘विशेष लेख’ ठरला तर ए प्लस. म्हणजे गुण देण्याचा अधिकार त्यांनी जवळजवळ साइटच्याच हाती दिला. कुठल्याही कुलसचिवाच्या पोटात गोळा यावा, असा हा प्रकार. विशेष लेखाचा दर्जा मिळवताना प्रत्येक वाक्याचा आधार मागितला जातो, शैलीवर कात्री चालते आणि अनोळखी माणसं चर्चापानावर आठवडेच्या आठवडे खुसपटं काढतात. सत्र संपताना या वर्गाच्या नावावर तीन विशेष लेख आणि आठ चांगले लेख होते. त्यात ग्वातेमालाचे नोबेलविजेते मिगेल आन्खेल आस्तुरियास यांच्या ‘एल सेन्योर प्रेसिदेन्ते’ या कादंबरीवरचा लेखही आहे.

या यशाच्या गोष्टी सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गळतो. लेख विशेष दर्जाला नेण्यात मुरलेल्या जुन्या संपादकांची एक टोळी या वर्गाच्या पाठीशी उभी राहिली होती. मुलांचं लिखाण ते रोज वाचत होते, स्वरूपण सुधारत होते, संदर्भ कसा द्यायचा ते दाखवत होते. एक छोटा वर्ग, मोजके लेख आणि मागे हे अनुभवी हात, असं ते गणित होतं. पुढच्या लोकांनी त्यातला वर्ग तेवढा उचलला.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१० मध्ये हे काम संघटितपणे हाती घेतलं. स्टँटन फाउंडेशनने त्यासाठी १२ लाख डॉलर दिले. विषय होता अमेरिकेचं सार्वजनिक धोरण. विद्यापीठांत ‘कॅम्पस अॅम्बॅसेडर’ नेमले गेले, त्यांच्या जोडीला ऑनलाइन मदतनीस आले. अमेरिकेत हे बऱ्यापैकी जमलं. मग साहजिकच विचार आला, की आता भारतात.

भारतासाठी पुणे निवडलं गेलं. महाविद्यालयं भरपूर, मुलं इंग्रजीत शिकणारी, संगणकाला सरावलेली, त्यामुळे कागदावर निवड चोख होती. २०११ च्या जून-जुलैत नवं सत्र सुरू होताना सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, एसएनडीटीचं पुण्यातलं आवार आणि कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, म्हणजे आपलं सीओईपी, इथल्या अनेक वर्गांत शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लिहायला बसवलं गेलं. अर्थशास्त्रातल्या संकल्पनांपासून अभियांत्रिकीच्या विषयांपर्यंत सगळं होतं. मदतीला कॅम्पस अॅम्बॅसेडर होते, पण त्यातले बहुतेक स्वतःच विकिपीडियावर नवखे होते. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही क्वचितच संपादन केलेलं होतं. म्हणजे पोहायला शिकवणाराही त्याच दिवशी पाण्यात उतरत होता.

पुढे काय झालं ते इंग्रजी विकिपीडियाच्या चर्चापानांवर आजही वाचायला मिळतं. ऑगस्ट-सप्टेंबरपासून तिथल्या गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांना दिसू लागलं, की नव्या मजकुरात परिच्छेदच्या परिच्छेद पाठ्यपुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसेच्या तसे उतरलेले आहेत. त्यांनी तो काढला, तर तोच पुन्हा आला. सदस्यांच्या चर्चापानावर इशारे दिले, तर ते बऱ्याच जणांनी उघडलेच नाहीत, कारण तिथे निरोप येतो हेच त्यांना माहीत नव्हतं. काही खाती गोठवली गेली. मुलांना आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिहा, थेट लेखात जाऊ नका, असं सांगून पाहिलं गेलं. शेवटी नोव्हेंबर २०११ मध्ये फाउंडेशनने प्रयोग आवरता घेतला. त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकिपरिषद, म्हणजे विकिपीडियावाल्यांचं संमेलन, भरली होती आणि विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स स्वतः आले होते, त्यामुळे विषय अवघड जागेचं दुखणं होऊन बसला.

चोरीचा मजकूर वर्गातल्या फायलीत राहिला तर फार तर दोन गुण जातात. विकिपीडियावर मामला वेगळा असतो. तिथला मजकूर मुक्त परवान्याने प्रसिद्ध होतो, कुणीही तो छापू शकतो, विकूही शकतो, म्हणून टाकणाऱ्याकडे तो देण्याचा हक्क असावा लागतो. संकेतस्थळावरून उचललेलं वाक्य शोधयंत्रात टाकून सापडतं, पण अप्पा बळवंत चौकात विकत घेतलेल्या पुस्तकातलं वाक्य सापडायचं कसं? मग संशय आला की सगळंच पुसायचं, असं करावं लागतं. त्यात एखाद्या प्रामाणिक मुलीचं स्वतः लिहिलेलंही जातं. शेकडो खात्यांची एकेक नोंद तपासायचं हे काम स्वयंसेवकांनी सत्र संपल्यावरही बरेच दिवस केलं.

फाउंडेशनने बाहेरच्या सल्लागाराकडून या प्रकरणाचं मूल्यमापन करून घेतलं आणि २०१२ च्या सुरुवातीला ते उघड प्रसिद्ध केलं, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. फार घाईने फार मोठा विस्तार, नवखे मदतनीस, इंग्रजी विकिपीडियाच्या लोकांना आधी विश्वासात न घेणं, आणि प्रताधिकाराची पुरेशी समज मुलांपर्यंत न पोहोचणं, असा त्याचा सूर होता.

तेव्हाच्या चर्चेत ‘भारतीय विद्यार्थी कॉपीच करतात’ असाही एक सूर होता आणि तो मला आजही खटकतो. आपल्याकडे सबमिशन म्हणजे काय, हे इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा. वरच्या बॅचची जर्नल मिळवायची, रात्रभर उतरवायची, सकाळी सही घ्यायची. सही करणाऱ्या सरांनाही ते माहीत असतं. उत्तर जितकं पुस्तकाबरहुकूम तितके गुण जास्त, हे शाळेपासून बिंबवलेलं असतं. बारा-तेरा वर्षं ज्याला अभ्यास म्हटलं, त्यालाच एका ऑगस्टमध्ये चोरी म्हणायला लागले, तर मुलांचा गोंधळ होणारच. दोष मुलांचा नव्हता असं नाही. पण विकिपीडियाने पुण्यात जे उघडं पाडलं ती आपली टर्मवर्कची पद्धत होती, आणि ती बदलायची जबाबदारी ना फाउंडेशनने घेतली, ना महाविद्यालयांनी.

पुण्याचा धडा पहिल्यांदा कामी आला तो कैरोत. २०१२ च्या वसंतात कैरो आणि ऐन शम्स या दोन विद्यापीठांत अरबी विकिपीडियासाठी प्रयोग झाला. या वेळी वर्ग मुद्दाम लहान ठेवले होते, अरबी विकिपीडियाचे अनुभवी लोक सुरुवातीपासून सोबत होते आणि मुलं मातृभाषेत लिहीत होती. भाषांच्या विद्यार्थ्यांसाठी अनुवाद हाच अभ्यास होता, त्यामुळे उतरवण्याला वावही कमी. प्रयोग टिकला आणि पुढे वाढत गेला.

नुसती विद्यार्थीसंख्या वाढवली की पुणं कुठेही घडतं, हे २०१३ मध्ये टोरोंटोने दाखवलं. तिथल्या विद्यापीठाच्या स्कारबरो आवारात मानसशास्त्राच्या सुमारे १९०० विद्यार्थ्यांच्या वर्गाला विकिपीडियात भर घालायला सांगितलं गेलं आणि पुन्हा तेच झालं. तक्रारी, उचललेला मजकूर, वैतागलेले संपादक. आता मात्र कुणी कॅनडाच्या संस्कृतीवर भाष्य केलं नाही.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या वैद्यकीय विद्यापीठात चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आजारांवरचे लेख सुधारण्यासाठी श्रेयांक मिळू लागले, आणि तेल अवीव विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत असाच एक ऐच्छिक विषय सुरू झाला. दोन्हीकडे वर्ग छोटे आणि मुलं विषयात मुरलेली. अमेरिका-कॅनडासाठी तर ‘विकी एज्युकेशन’ ही स्वतंत्र संस्थाच उभी राहिली. मुलांनी आधी प्रशिक्षणाचे धडे पुरे करायचे, प्राध्यापकाला प्रत्येकाचं काम एका डॅशबोर्डवर दिसायचं, आणि संस्थेचे पगारी लोक नजर ठेवायचे, अशी तिची व्यवस्था. स्वयंसेवकांवर पडणारं ओझं कुणीतरी पगार घेऊन उचललं पाहिजे, हे तिथे मान्य झालं.

भारतात पुण्यानंतर जोर इंग्रजीवरून भारतीय भाषांकडे वळला. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने २०१२ पासून हे काम पाहिलं. ख्राइस्ट विद्यापीठात द्वितीय भाषा म्हणून कन्नड, हिंदी, तमिळ, संस्कृत घेणारी मुलं विकीवर लिहू लागली. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली आणला आणि २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया रीतसर सुरू झाला. विद्यापीठाने मुलं पाठवण्याआधी मजकूर मोकळा करायचा, हा क्रम मला तरी जास्त शहाणपणाचा वाटतो.

मराठीत मात्र सत्रभराच्या असाइनमेंटपेक्षा एकदिवसीय कार्यशाळा रूढ झाली. जानेवारीतला भाषा संवर्धन पंधरवडा किंवा २७ फेब्रुवारी जवळ आला की महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा उघडते, बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होतं. मग खाती उघडायला बसलं की सातव्या मुलाला अडायला होतं, कारण एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. आयोजकांनी आधी सवलत मागितली नसेल तर दुपार त्यातच जाते. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली जातात. आपलं गाव, आपलं कॉलेज, आवडता नट यांच्यावर चार-चार ओळींचे लेख तयार होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांवर पानकाढा साचे, म्हणजे ‘हे पान काढून टाका’ अशा खुणा, लागायला लागतात.

ज्या भाषेत केतकरांनी ज्ञानकोशाचे खंड काढले आणि वाईत तर्कतीर्थांनी विश्वकोश उभा केला, तिथे कोशात लिहिण्याची हौस नाही असं कसं म्हणावं? अडचण माणूसबळाची आहे. मराठी विकिपीडियावर ‘अलीकडील बदल’, म्हणजे ताज्या संपादनांची यादी, नियमित पाहणारे मोजकेच आहेत. साठ मुलांचा एक वर्ग त्यांना पुरून उरतो. इंग्रजीत पुण्याचा मजकूर शोधून पुसायला निदान लोक होते.

आता त्यात यंत्राने लिहिलेल्या मजकुराची भर पडली आहे. उतरवलेला परिच्छेद शोधता तरी येत असे. चॅटजीपीटीने दिलेला परिच्छेद कुठेच सापडत नाही, शिवाय त्याखाली अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ असू शकतात. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये, न तपासता टाकलेले असे लेख चर्चेविना झटपट काढता यावेत असा नियम केला. नियम चालवायला तिथे माणसं आहेत. मराठीत ज्या वर्गाला हे काम द्यायचं, त्याच्या प्राध्यापकाने स्वतः आधी काही महिने संपादन करावं, चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, आगाऊ कळवावं आणि संख्या विसाच्या आत ठेवावी, यापेक्षा वेगळा मार्ग मला दिसत नाही. आणि सबमिशनची तारीख सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. सगळी मुलं त्याच आठवड्यात लिहितात, निकाल लागतो, आणि पानावर आलेल्या शंकांना उत्तर द्यायला मग खात्यामागे कुणीच उरत नाही.