सोसणाऱ्या बाईला सभेला कोण बोलावतं?

सकाळी साडेआठला आमच्या जिन्यात बादल्यांचा आवाज होतो आणि मागोमाग हाक येते, "कचराऽ!" मावशी चार मजले चढून आलेल्या असतात. इमारत जुनी, लिफ्ट नाही. गेल्या निवडणुकीच्या दिवशी त्या तासभर उशिरा आल्या, बोटावर ताजी शाई. "सातलाच रांगेत उभी राहिले ताई, मग फेरीवर आले." आमच्या मजल्यावरच्या चारपैकी दोन दारांना त्या दिवशी कुलूप होतं. सुट्टी मिळाली म्हणून मंडळी पुण्याबाहेर गेली होती.

राज्यशास्त्रातल्या जुन्या हिशेबानं हे उलटं व्हायला हवं होतं. शिक्षण, पैसा आणि मोकळा वेळ ज्याच्याकडे जास्त, तो राजकारणात जास्त भाग घेतो, असं पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. भारतात मात्र १९९० च्या दशकापासून गरीब आणि दलित मतदार सुखवस्तूंच्या बरोबरीनं, पुष्कळदा त्यांच्याहून जास्त, मतदान करताना दिसतात. सिडनी व्हर्बा, के श्लोझमन आणि हेन्री ब्रेडी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९५ मध्ये हा प्रश्न उलटा विचारला: लोक भाग का घेत नाहीत? त्यांना तीन उत्तरं मिळाली. जमत नाही, करावंसं वाटत नाही, किंवा कुणी बोलावलंच नाही. या तिसऱ्या उत्तराकडे आपलं सगळ्यांत कमी लक्ष जातं, असं मला वाटतं.

अमेरिकेत वंशाचा प्रश्न घेतला की हिशेब आणखी चुकतो. व्हर्बा आणि नॉर्मन नाय यांना १९७२ च्या सुमारास दिसलं, की उत्पन्न आणि शिक्षण सारखं धरून तुलना केली तर कृष्णवर्णीय नागरिक अपेक्षेपेक्षा जास्त सहभागी असतात. कारण समूहभान. 'माझ्यावर आलेली वेळ माझ्या एकट्याच्या कर्तृत्वाची नाही, ती आम्हा सगळ्यांवर आलेली आहे' हे ज्याला उमगतं, तो घरी बसत नाही. मायकेल डॉसन यांनी १९९४ मध्ये याला जोडलेलं नशीब म्हटलं. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वंश आणि लिंग दोन्ही लक्षात घेऊन गट पाडले, तेव्हा मतदानाचं सर्वाधिक प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांचं निघालं. भेदभावाचा दुहेरी मार सोसणाऱ्या बायका रांगेत सर्वांत पुढे होत्या.

वंश म्हणजे जात नव्हे. तिथला इतिहास रंगाचा आणि माणसांच्या खरेदी-विक्रीचा, इथला शिवाशिवीचा आणि जन्मानं ठरलेल्या कामाचा. तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहणं पुण्याला नवं नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

आता मनाकडे येऊ. संकटातून सावरण्याच्या क्षमतेला मानसशास्त्राची पुस्तकं मानसिक लवचिकता म्हणतात. मला 'उभारी' हा शब्द जवळचा वाटतो. ही उभारी काहींना जन्मतःच मिळते आणि काहींना नाही, असा आपला समज असतो. एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजार अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं उत्तम सावरलेली दिसली. त्यांच्या स्वभावाचा त्यात वाटा होताच. पण आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस असणं, मग ती आजी असो, शेजारीण असो की शिक्षिका, ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. सावित्रीबाई शाळेत जाताना शेणमातीच्या माऱ्यामुळे दुसरं लुगडं बरोबर नेत, ही गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतो. घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख त्यांच्याबरोबर शिकवत होत्या, हे तितक्याच आवर्जून सांगायला हवं. उभारीची मुळं तिथेही आहेत.

आणि उभारीला किंमत पडते. नॉर्थ कॅरोलायनातल्या गरीब कृष्णवर्णीयांच्या आरोग्याचा अभ्यास करताना शर्मन जेम्स यांनी १९८३ मध्ये 'कितीही अडचणी आल्या तरी मी आणखी जोर लावीन' या वृत्तीची मोजपट्टी तयार केली. जिद्द जास्त आणि हाताशी साधनं कमी, अशा माणसांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळला. आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं, की सततच्या ताणानं कृष्णवर्णीय स्त्रियांचं शरीर अकाली झिजतं. उन्हापावसात दगड झिजावा तसं. म्हणून 'आमच्या बायका किती सोशिक!' हे कौतुक मला आता ऐकवत नाही. सोसण्याचं कौतुक करणाऱ्यानं आधी ओझ्याचं वजन विचारावं.

शिवाय सोसण्याचं बळ आपोआप बोलण्याचं बळ होत नाही. मतदानाचे आकडे पाहा. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचं मतदान सुमारे ६३ टक्के होतं, स्त्रियांचं जेमतेम ४७. २०१९ मध्ये स्त्रिया किंचित पुढे गेल्या. पण मतदान हे वर्षादोनवर्षांतून एकदा, पडद्याआड, पाच मिनिटांत होणारं काम. सभेत उठून उभं राहणं, अधिकाऱ्याला तोंडावर प्रश्न विचारणं, अर्जाचा पाठपुरावा करणं, यात स्त्रिया अजून खूप मागे आहेत. सोलेदाद प्रिलामन यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांमध्ये पाहिलं, की बचत गटात असलेल्या स्त्रियांचा अशा स्थानिक राजकारणातला सहभाग इतरांच्या जवळपास दुप्पट होता. गट भरतो पैशांच्या हिशेबासाठी. पण दर आठवड्याला चार बायका घराबाहेर एकत्र बसतात, नाव पुकारलं की बोलतात, एकमेकींच्या तक्रारी ऐकतात. बोलण्याचा सराव तिथे होतो, आणि सभेला जाताना सोबतही तिथेच मिळते.

पुण्यात याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आमच्या जिन्यातच चढून येतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांच्या साथीनं. सभासद बहुतेक स्त्रिया, बहुतेक दलित. तोवर कचऱ्याच्या कुंडीत हात घालणारी बाई पोलिसांच्या आणि रहिवाशांच्या नजरेत संशयित होती. संघटनेनं आधी ओळखपत्राचा आग्रह धरला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला महापालिकेनं त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था दारोदार फिरू लागली. प्लॅस्टिकच्या कव्हरातलं ते कार्ड गळ्यात आलं की पोलिसाशी बोलताना सूर बदलतो, असं मावशी सांगतात.

दार उघडण्याचं काम कायद्यानंही होतं. मुंबई महापालिकेत १९९७ साली कोणते प्रभाग स्त्रियांसाठी राखीव हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. चिठ्ठी कुणाची बाजू घेत नाही, त्यामुळे संशोधकाला आयताच प्रयोग मिळाला. रिखिल भावनानी यांनी २००२ ची निवडणूक तपासली. आरक्षण उठलेल्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता, १९९७ मध्ये राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट निघाली. पाच वर्षांत बायकांना कामाची आणि प्रचाराची सवय झाली होती, पक्षांना आणि मतदारांना त्यांची. फ्लेक्सवर नगरसेविकेशेजारी नवऱ्याचा तेवढाच मोठा फोटो मलाही खटकतो. पण त्यावरून आरक्षण निरुपयोगी ठरवणाऱ्यांनी हा पाचपटीचा आकडा विसरू नये. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. २०१७ च्या पुणे महापालिकेत १६२ पैकी किमान ८१ जागांवर स्त्रिया येणार हे आधीच ठरलेलं होतं.

मध्यंतरी आमच्या भागात पाण्यावरून नागरिकांची सभा ठरली. मावशींच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी, म्हणून मी त्यांना म्हटलं, तुम्ही यायलाच हवं. त्या जिन्यात बादली टेकवून उभ्या राहिल्या.

"येईन की. किती वाजता?"

निमंत्रणाचा मेसेज मी मोबाईलवर पुन्हा उघडला. सकाळी साडेनऊ. त्या वेळी त्या आणखी तीन इमारतींचे जिने चढत असतात. मी आयोजकांना फोन करून वेळ बदलायला सांगितली. सभा संध्याकाळी सात वाजता झाली, आणि मावशी वस्तीतल्या सहा जणींना घेऊन आल्या.